पाचवी खुर्ची

चौकशीच्या आदल्या दिवशी बाबूजी खुर्च्या मोजायला जायचे. साहेबांच्या दालनाशेजारी एक अरुंद खोली होती, तिच्यात डोकवायचे आणि बोट दाखवत मोजायचे. चौकशी अधिकाऱ्याची एक, खात्याची बाजू मांडणाऱ्याची एक, टंकलेखकाची एक आणि ज्याची चौकशी त्याची एक. चौथीसाठी कधीकधी भांडावं लागे, आणि पाचवी तर कधीच नसायची. ती ते समोरच्या चहाच्या टपरीतून आणायचे. लाल प्लॅस्टिकची, एका पायाला तार गुंडाळलेली खुर्ची डोक्यावर पालथी धरून ते जिना चढताना दिसले, की उद्या कुणाची तरी चौकशी आहे हे सगळ्या कार्यालयाला कळायचं. शिपाई म्हणायचा, "द्या जी, मी नेतो." ते म्हणायचे, "बसाचं मले आहे. मीच नेतो."

ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नोकरीतल्या माणसावर आरोप ठेवले गेले की खात्याची चौकशी बसते, आणि त्या चौकशीत त्याला सोबत एक माणूस नेता येतो. वकील चालत नाही, बायको चालत नाही, गावचा सरपंच चालत नाही. नोकरीतलाच कुणी, नाहीतर नोकरीतून निवृत्त झालेला. कागदावर त्याला बचाव सहायक म्हणतात. आमच्याकडे 'संगचा माणूस' म्हणायचे. आमचं खातं कालव्यांचं, कार्यालय गोंदियाला, आणि तिथे संगचा माणूस म्हणजे बाबूजी हे माझ्या नोकरीच्या आधीपासून ठरून गेलेलं होतं.

हुद्द्याने ते ट्रेसर. नकाशावर अर्धपारदर्शक कापड पसरायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. उंच स्टुलावर बसून, श्वास धरून रेघ ओढायचे, आणि ती संपली की म्हशीसारखा मोठ्याने श्वास सोडायचे. नवीन आलेला कारकून हमखास दचकायचा. जिल्ह्यातला प्रत्येक तलाव त्यांच्या बोटांखालून गेलेला. कुणी 'अमुक तलाव' म्हटलं, की त्यांचं बोट हवेत त्याची पाळ काढायला लागे. कुठल्याही साहेबाला त्यांनी 'साहेब' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते हुद्द्याचं नाव घेत, "अभियंता आहेत का?" म्हणत. उद्धटपणा नव्हता, पण साहेब लोकांना तो तसा वाटायचा आणि बाबूजींना त्याचं काही वाटायचं नाही.

त्यांच्याकडे संगचा माणूस म्हणून या, असं सांगायला गेलं की ते आधी एकच विचारायचे. "केलं का तुनं?"

समोरचा "नाही जी" म्हणाला, की ते पुन्हा कापडाकडे वळत. "मंग मी कायले? निर्दोष मानसाच्या संग समदेच येतेत." असं तोंडावर सांगून त्यांनी कितीतरी लोक परत पाठवले. एकदा एक हेडक्लार्क खरोखर निर्दोष होता, सगळ्यांना ठाऊक होतं, तो चिडला. म्हणाला, "म्हणजे तुम्ही फक्त चोरांच्या बाजूनं का बाबूजी?" बाबूजींनी ब्लेडने एक चुकलेली रेघ खरवडली, वर फुंकर मारली आणि म्हणाले, "बाजूनं नाही गा. बाजूले."

आणि कुणी "केलं" म्हणाला, तर दुसरा प्रश्न. "कितीक?"

या दुसऱ्या प्रश्नात त्यांचं सगळं शास्त्र होतं. ते म्हणायचे, "भेलेला मानूस आपलं तं कबूल करतेच, दुसऱ्याचंबी कबूल करते. उपाशी असला तं आनखीनच." म्हणून चौकशीच्या दिवशी सकाळी ते त्या माणसाला धरून जेवू घालायचे. बायकोने दिलेला डबा असायचा, भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण, कधी वर तळलेली मिरची. समोरचा म्हणायचा, घास उतरत नाही. हे म्हणायचे, "उतरते. पानी पे." पाचावर धारण बसलेला माणूस त्यांच्यासमोर लहान पोरासारखा जेवायचा. मग ते सगळे मिळून, म्हणजे तो, बाबूजी आणि ती लाल खुर्ची, वर जायचे.

आत गेल्यावर ते जवळजवळ बोलत नसत. नियमांचं पुस्तक त्यांच्या मांडीवर असे, उरलेल्या ट्रेसिंगच्या कापडाचं वेष्टन घातलेलं. ते उघडलेलं मी पाहिलं नाही. आमच्या एका ड्रायव्हरने खात्याची जीप साळ्याच्या लग्नात देवरीला नेली होती. नुसती नेली असती तर एक वेळ लपली असती, पण नवरदेव तिच्यात बसवून वरात काढली आणि वर फोटो काढून घेतले. चौकशीत फोटो पुढे आले तेव्हा त्याचा धीर सुटला. जीप नेली, हो. फुलं बांधली, हो. मागच्या साली डिझेल कमी भरलं ते? तो हो म्हणणारच होता. बाबूजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चौकशी अधिकाऱ्याकडे पाहून म्हणाले, "हे याचं नाही. वरात याची आहे." ड्रायव्हरला वरातीची शिक्षा झाली. डिझेलचं पुढे दुसऱ्याच कुणाचं निघालं.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, सौंदडहून परत येताना, एसटीत. त्यांचे वडील गावचे कोतवाल होते. दौऱ्यावर अधिकारी आले की पुढे पळायचं, दवंडी द्यायची, सामान उचलायचं. एका साली घराचं छप्पर गळत होतं म्हणून त्यांनी सरकारी ढिगातला एक बांबू घेतला. कुणीतरी चुगली केली. झाडाखाली साहेबांचं टेबल लागलं, चारपाच जण खुर्च्यांवर, आणि वडील सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात उभे. उपाशी. बरोबर कुणी नाही, कारण त्या काळी आमच्या वस्तीतल्या माणसाबरोबर उभं राहायचं कोण, असं बाबूजी म्हणाले. "एक बांबू घेतला होता माह्या बापानं. गाडीभर कबूल करून आला." कोतवाली गेली. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धानाच्या बांध्या मागे जात होत्या. "खोटं नाही बोलला तो," ते म्हणाले. "फक्त जास्तीचं बोलला." मग तिकिटाचा कागद त्यांनी चार घड्या करून खिशात ठेवला.

आता माझी गोष्ट. ती मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी कालवा निरीक्षक म्हणून सौंदडच्या बाजूला होतो. कालव्याच्या तोंडाशी लोखंडी गेट, ते चाक फिरवून वर-खाली करायचं. चाकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि कुलपाची चावी माझ्याकडे. चाक फिरवायला बुधराम होता. गोंड माणूस, देवरीकडच्या जंगलातला, वर्षानुवर्षं रोजंदारीवरचा चौकीदार. रोज संध्याकाळी आम्ही दोघं गेटवर जायचो, मी कुलूप काढायचो, तो चाक फिरवायचा, मी वहीत वेळ लिहायचो. निदान वहीत तरी रोज तसंच होतं. खरं म्हणजे वही आम्ही सगळेच निरीक्षक सोमवारी आठवडाभराची भरून ठेवायचो. वरच्यांना माहीत होतं, खालच्यांना माहीत होतं. पाणी तर येतच होतं आणि जातच होतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार होते, नाटक होतं, लेकी माहेरी येतात. त्या साली शेजारच्या गावच्या मंडईत नाटक होतं आणि त्यात मला नायिकेच्या मोठ्या भावाचं काम होतं. दोन महिने तालमी केलेल्या. त्या दिवशी संध्याकाळी सहाला गेट बंद करायचं होतं, कारण उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी देऊन झालं होतं आणि लवकर येणारं हलकं धान लोकांनी कापलं होतं. कापलेल्या धानाचे कडपे बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या शेतातच, पसरून वाळत पडतात. त्या दिवसांत बांधीत पाणी शिरणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. 'सायं. ६ वा. गेट बंद केले' हे वहीत सोमवारपासूनच लिहिलेलं होतं. मी दुपारीच मंडईला निघालो. चावी माझ्या खिशात होती.

गेट उघडंच राहिलं. पाणी शेवटच्या चारीपर्यंत गेलं, आणि तिथे सायत्राबाईची बांधी होती. नवरा नसलेली बाई, दोन लेकरं, एवढीच बांधी. तिचे सगळे कडपे पाण्यात बुडाले. चार दिवसांनी लोंबीवरच हिरवे कोंब आले. ती कार्यालयात आली तेव्हा ओच्यातून तिने ते धान टेबलावर ओतलं आणि म्हणाली, "हे घ्या, खा."

माझ्यावर आरोपपत्र निघालं. मी उत्तर दिलं की गेट वेळेवर बंद केलं होतं, वही पाहावी; नंतर चौकीदाराने उघडलं असल्यास मला माहीत नाही. 'असल्यास' हा शब्द मी तीनदा विचार करून घातला होता. नवीन लग्न झालेलं, नोकरी पक्की होऊन दोन वर्षं झालेली. बुधराम रोजंदार, त्याला आरोपपत्र द्यायचीसुद्धा गरज नव्हती. उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं. त्याच्यावर खापर फोडणं किती सोपं आहे, हे लिहिताना माझ्या हाताला जाणवत होतं, आणि तरी हात थांबला नाही.

मग मी बाबूजींकडे गेलो. ते स्टुलावर होते. श्वास सोडेपर्यंत मी थांबलो.

"केलं का तुनं?"

"नाही जी."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मंग मी कायले?" म्हणाले आणि निब शाईत बुडवली.

मला राग आला. संघटनेचे एक लीडर होते, भरदार आवाजाचे, चौकश्या जिंकण्यात नाव असलेले. ते म्हणाले, "टेंशन मत लो. रजिस्टर आपल्या बाजूनं आहे. बाकी मी पाहतो." आणि पाठीवर थाप मारली.

चौकशी उन्हाळ्याच्या तोंडाशी लागली. चौकशी अधिकारी नागपूरचे, निवृत्त, शांत गृहस्थ. पहिला साक्षीदार बुधराम. तो सकाळच्या पॅसेंजरने आला होता, खांद्यावर दुपट्टा, आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शेजारी बाबूजी उभे होते, आणि त्यांच्यापुढे ती लाल खुर्ची.

बुधरामला हाक आली तशी बाबूजीही आत आले. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"याच्या संग आलो."

"हा साक्षीदार आहे. साक्षीदाराला सोबतीचा नियम नाही. आणि हा रोजंदार. याच्यावर आरोपच नाही, मग बचाव कसला?"

बाबूजी म्हणाले, "माहीत आहे जी. नियम वाचला मी." ते तिथेच उभे राहिले. "आरोप याच्यावर नाही, पर इथून कायमचा घरी हाच जाईन. मले नका बसवू. याले खुर्ची तं भेटते?"

अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि खुर्चीला हो म्हणाले. बाबूजींनी ती आत ठेवली, बुधरामच्या खांद्याला हात लावला आणि बाहेर गेले. दार बंद झालं. बुधरामने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुपट्टा काढून त्याने घडी घालून खुर्चीवर ठेवला, आणि तो तिच्या शेजारी उभा राहिला.

लीडरने पाच-सहा प्रश्न विचारले. आवाज न चढवता, समजावून सांगितल्यासारखे. चाक तूच फिरवतोस ना? हो जी. साहेब नेहमी वेळेवर येतात ना? येतेत जी. वहीत सहाची वेळ आहे, साहेब खोटं लिहितील का? नाही जी. मग गेट उघडं राहिलं ते कुणामुळे? घाम पुसायला बुधरामचा हात खांद्याकडे गेला, तिथे दुपट्टा नव्हता. "तू नंतर उघडून बंद करायला विसरला असशील बाबा, माणूस विसरते," लीडर म्हणाले.

"इसरलो असन जी," बुधराम म्हणाला.

टंकलेखकाने ते टिपून घेतलं. अधिकारी म्हणाले, जबाब टाइप होऊ द्या, जेवणानंतर वाचून दाखवू आणि अंगठा घेऊ. लीडरने टेबलाखालून माझा हात दाबला. मी जिंकलो होतो.

मी बाहेर आलो. कार्यालयाच्या मागे करंजाच्या झाडाखाली बाबूजी आणि बुधराम बसले होते. डबा उघडा. बुधराम भराभरा जेवत होता, सकाळपासून काही खाल्लं नसणार. मला पाहून त्याने हात थांबवला आणि सरकून जागा केली. "या जी साहेब. जेवा."

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तसं काही असतं तर मी परत फिरलो असतो. मी तिथे उकिडवा बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबूजी, केलं मी."

बाबूजींनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "कितीक?"

"वही आधीच लिहून ठेवली होती."

"अजून?"

"चावी माझ्यापाशी होती. यानं मनात आणलं असतं तरी गेट बंद करता आलं नसतं."

"अजून?"

अजून होतं. ते फक्त मला आणि बुधरामलाच ठाऊक होतं, आणि बुधराम खाली मान घालून भात चिवडत होता. बाबूजी वाट पाहत राहिले. रेघ ओढताना धरत तसा त्यांनी श्वास धरला होता की काय, कोण जाणे.

"हा आला होता," मी म्हणालो. "मंडईत. पडद्यामागं. माझ्या तोंडाला रंग लावून राहिले होते. म्हणाला, साहेब, चावी द्या, मी बंद करून येतो. आणि चावी कोटाच्या खिशात, कोट खुंटीला. उठून द्यायची होती फक्त. मी म्हटलं, एका रातीनं का होते, उद्या पाहू." मी बुधरामच्या पायांकडे पाहिलं. "पायी आला होता तो. दोन कोस. पायीच परत गेला."

बाबूजींनी मोठ्याने श्वास सोडला. मग बुधरामकडे वळले. "हे काऊन नाही सांगतलं गा तू आत?"

बुधरामने बोटं चाटली. "कोनी इचारलंच नाही जी."

जेवणानंतर मी कागदावर लिहून दिलं की मला संगचा माणूस बदलायचा आहे. लीडर लाल झाले. "पागल हो गये क्या? जिंकलेली केस आहे." ते पाय आपटत निघून गेले आणि पुढे कित्येक वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. चौकशी अधिकारी वैतागले, पण त्यांनी अर्ज घेतला. बाबूजी येऊन माझ्या शेजारी बसले. टपरीतून दुसरी खुर्ची आणली होती. लाल खुर्चीवर यावेळी बुधराम बसला होता, अगदी कडेला, पण बसला होता.

मी सगळं सांगितलं. वही, चावी, मंडई. सांगायला लागल्यावर मात्र मला थांबता येईना. एकदा बांध फुटला की फुटला. मी म्हणालो, मी या नोकरीच्या लायकच नाही. मागच्या साली चारी फुटली होती, तीही माझ्याच दुर्लक्षाने फुटली असेल. बाकीच्या निरीक्षकांच्या वह्यांनाही मीच...

गुडघ्यावर हात पडला. हाडकुळा, बोटांना शाई लागलेला.

"थांब," बाबूजी म्हणाले. "तेवढं तुयं नाही."

मी थांबलो. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. वडील गेले तेव्हा मी इतका रडलो नव्हतो, जितका त्या खोलीत चार परक्या माणसांसमोर रडलो. टंकलेखकाने शेवटच्या दोन ओळी खोडल्या. बुधरामचा जबाब पुन्हा घेतला, चावी कोणाकडे होती हे त्याला विचारलं गेलं, आणि तो जसं होतं तसं बोलला.

माझ्या वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि बदली दरेकस्याच्या बाजूला, डोंगरात झाली. बुधरामचं नाव हजेरीपटावर राहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा शिक्षा कमी होती, आणि तरी ती भोगताना मी कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही. केली. माणूस एका दिवसात संत होत नाही.

पुढे कार्यालयात संगणक आला, नकाशे यंत्रातून निघायला लागले. बाबूजींचं टेबल भांडारात गेलं, तिथेही ते निवृत्तीपर्यंत रेघा ओढत राहिले. निवृत्तीनंतरही संगचा माणूस म्हणून यायचे, नियमात बसत होतं. गुडघे गेल्यावर खुर्ची मात्र शिपाई न्यायचा, आणि ते त्याच्यामागून जिना चढताना त्याला सांगत राहायचे, नीट धर, तार लागन. आणखी पाच-सात वर्षांनी ते गेले. वस्तीतल्या विहारासमोर लोक जमले, वंदना झाली. मी आजूबाजूला पाहिलं, तर जीपवाला ड्रायव्हर होता, एक भांडारपाल होता, मोजणीत चुकलेले दोघं होते, बुधराम होता. तो हेडक्लार्कही आला होता, मागे उभा. त्याच्याकडे पाहताना आम्हा बाकीच्यांच्या लक्षात आलं, की तो सोडला तर आम्ही सगळ्यांनीच काही ना काही केलेलं होतं. त्यांच्या बायकोने आम्हाला विचारलं, "समदे जेवून आले न जी?"

पण बाबूजी म्हटलं की मला ते विहारासमोरचं आठवत नाही. मला चौकशीच्याच दिवसाची संध्याकाळ आठवते. आम्ही जिना उतरत होतो. मी म्हणालो, "बाबूजी, सायत्राबाईकडे जायचं आहे. याल का संग?"

ते तिथेच पायरीवर थांबले. "नाही गा. कचेरीत संग येतो मी. तिच्याकडं एकट्यानंच जा लागते."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दुपारची वेळ. धान गेलं म्हणून त्या साली ती पहाटेपासून जंगलात मोहफुलं वेचायला जात होती. अंगणभर फुलं वाळत घातली होती, सगळीकडे तो गोड उग्र वास, आणि ती सूप घेऊन काड्या-पानं निवडत बसली होती. मला ओळखून तिचे हात थांबले. तिने माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं.

"संग कोन आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

मी उभ्यानेच सांगितलं. जेवढं होतं तेवढं. वही, चावी, आणि मंडईत आलेला बुधराम. तिथे थांबलो, आणि पुढे काही जोडलं नाही. ती ऐकताना सूप पाखडत राहिली. माझं संपलं तरी पाखडत राहिली. ऊन डोक्यावर होतं. जावं की राहावं ते मला कळेना.

मग तिने सूप बाजूला ठेवलं, भिंतीशी उभा केलेला पाट ओढला आणि माझ्या पायापाशी सरकवला.

"माफगिफ काही केलं नाही मी," ती म्हणाली. "पर उभा काऊन आहेस? बस."

मी बसलो.